दगडूचे गोचीड आणि धोंड्याचा जावई

सासुरवाडीला गेलेल्या जावयाला अक्कल असावीच लागते, असा काही नियम नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मी ती दाखवायला गेलो.

लग्न होऊन सहा महिने झाले होते. मी कळमनुरीच्या शाळेत नवा मास्तर. डोक्यावर काळी टोपी आणि टोपीखाली जगातल्या प्रत्येक विषयावर एकेक ठाम मत! त्या साली जेठ महिना अधिक आला आणि सासुरवाडीहून, म्हणजे कुरुंद्याहून, सांगावा आला, "पावण्यांनी धोंडे खायला यावं." अधिक महिन्यातला जावई म्हणजे आमच्याकडे साक्षात नारायण. त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं आणि मुख्य म्हणजे त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

पहिल्याच दिवशी मी सहज म्हणालो, "बाज जरा करकरतीय." तासाभरात सुतार हजर! दुपारी म्हणालो, "यंदा ऊन फार आहे बुवा," तर सासरे उठून अंगणात गेले आणि वर बघत उभे राहिले, उन्हाचंही काही करता येतं का म्हणून. (सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. हळदीचे नामी बागायतदार, पण बोलणं मोजकं आणि जावयापुढं तर नाहीच.) माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं. माझं फिरलं.

आता दगडूची ओळख करून देतो. दगडू हा गोदाचा कुत्रा, आणि गोदा म्हणजे माझी बायको. पिल्लू असताना तो तिला बांधावरच्या दगडांत सापडला. डोळेही धड उघडले नव्हते. तिनं कापसाच्या वातीनं दूध पाजून त्याला जगवलं. लग्नात निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली ती थोडीशी, आणि दगडूच्या गळ्यात पडून रडली ती वऱ्हाडाच्या गाड्या खोळंबेपर्यंत! (कुत्र्याचा हेवा करणारा मी काही पहिला नवरा नसेन, पण कबूल करणारा बहुधा पहिलाच.)

तर त्या उन्हाळ्यात दगडूला गोचीड झाले होते. कानांत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत, एरंडाच्या बीएवढे टम्म फुगलेले. मी ओसरीवर जेवायला बसलो की तो समोर बसून असा काही कराकरा खाजवायचा, की माझा घास हातातच राहायचा.

"मामा, याला औषध करायला पाहिजे," मी म्हणालो.

"करा की पावणं. तुमी म्हणाल तसं."

झालं! आता औषध सांगणं आलं. आणि मला जनावरातलं कळत काय होतं? दुभती म्हैस कोणती आणि भाकड कोणती, हे मी तिच्या मालकाच्या चेहऱ्यावरून ओळखायचो. पण मास्तरला 'माहीत नाही' म्हणता येतं का?

"घासलेट," मी म्हणालो. "सगळ्या अंगाला घासलेट चोपडायचं."

मामा उठले आणि घरातला कंदील रिकामा करून आणला. महायुद्धाच्या लढाईमुळं घासलेट मिळायची मारामार, पण जावयाचा शब्द!

इथं एक सांगायला हवं. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर बायकोनं नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. गोदानं त्यावर तोड काढली होती. ती दगडूशी बोलायची.

"दगडू," ती दारातून कडाडली, "तुला घासलेट लावून राहिले बरं का! तू अंग चाटशील, घासलेट पोटात जाईल आन् मरशील. पर लोकायला काय त्याचं? कुत्रं अंग चाटते, हे बी ज्यायला ठाऊक न्हाई ते औषध सांगून राहिले!"

दगडूनं शेपटी हलवली. मी खाकरलो.

"तशी घासलेटची पद्धत आता जुनी झाली म्हणा," मी म्हणालो. "तंबाखू उकळा. त्या पाण्यानं अंघोळ घालू."

मामा हळदीचं बेणं निवडत होते, ते तसंच टाकून चुलीपाशी गेले. त्यांनी खायच्या तंबाखूची अख्खी जुडी पातेल्यात घातली. थोड्याच वेळात घरभर असा खाट सुटला, की सासूबाई शिंकत परसात पळाल्या आणि शेजारचे रहीमचाचा नाकाला रुमाल लावून विचारायला आले. रहीमचाचा शेळ्यांचा व्यापार करायचे. जनावराच्या नुसत्या उभं राहण्यावरून त्याचं दुखणं सांगायचे.

"क्या चल्या है भाई?" त्यांनी मामांना विचारलं.

"पावणं दगडूला तंबाखूच्या पाण्यानं धून राहिले."

चाचांनी पातेल्याकडं पाहिलं, दगडूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"दामाद सारे गांव का," ते म्हणाले. "बोले सो बराबर." आणि मान हलवत भिंतीला टेकून बसले.

"दगडू," दारातून आवाज आला, "तंबाखूचं पाणी कातड्यातून आत जाते रे! मागं पाटलाचं वासरू अशानंच थरथरून मेलं. तू गेलास तर मी काय करू रे माह्या लेकरा?"

या वेळी आवाज कडाडला नाही, जरा ओला झाला. मी पातेलं उकिरड्यावर ओतायला सांगितलं. इथंच मी थांबायला हवं होतं. गोचिडांनीसुद्धा मला दुवा दिला असता!

पण दोनदा माघार घेतलेला मास्तर तिसऱ्यांदा शहाणा होत नाही, उलट पेटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आठवलं, की आमची आत्या डोक्यातल्या उवांना सीताफळाच्या बियांची पूड लावायची. उवा पटापटा मरायच्या. गोचीड म्हणजे तरी काय? उवांचे थोरले भाऊ!

गोदा तेव्हा मळ्यातल्या विहिरीवर धुणं घेऊन गेली होती. म्हणजे दगडूशी बोलणारं घरात कुणी नव्हतं.

"मामा, सीताफळाच्या बिया आहेत घरात?"

मामांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "हायती... पर पावणं, डोळे..."

"डोळ्यांचं काय?"

"न्हाई, काई न्हाई. तुमी म्हणाल तसं."

आणि मग जे घडलं ते मी बघत होतो, पण मला ते दिसलं नाही. मामांनी पूड करायच्या आधी नाकातोंडावरून, डोळ्यांवरून उपरणं गुंडाळलं. सासूबाईंनी पाण्याचे हंडे झाकले, कोंबड्या डालल्या आणि कोठीत जाऊन दार लावून घेतलं. रहीमचाचा चक्क भिंतीपलीकडं जाऊन उभे राहिले. सगळं घर तोफ उडणार असल्यासारखं दडून बसलं, आणि मी म्हणतोय काय? केवढा मान देतात ही माणसं जावयाला!

मी ओंजळभर पूड घेतली आणि दगडूच्या मानेवर, कानांवर, पाठीवर जोरजोरानं चोळली. दगडूनं सगळं गरिबासारखं सोसलं. मग त्यानं, कुत्रं ओलं झालं की झाडतं ना, तसं नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग फडाफडा झाडलं.

आई गं! डोळ्यांत कुणी निखारे घातले म्हणा ना! मी ओरडलो. दगडू विव्हळला. मी चाचपडत खांबावर आपटलो, दगडू चाचपडत माझ्यावर आपटला, आणि आम्ही दोघं अंगणात गडाबडा लोळायला लागलो.

"पानी डालो, पानी!" भिंतीवरून चाचा ओरडले. "रगडो नको! डोळे रगडो नको!"

मामांनी एक घागर माझ्या डोळ्यांवर आणि चाचांनी एक घागर दगडूच्या डोळ्यांवर, अशा किती ओतल्या कुणास ठाऊक. तेवढ्यात धुण्याची पाटी धाडकन पडल्याचा आवाज आला. गोदा परतली होती. मला दिसत काहीच नव्हतं, पण ती आधी कुणाकडं धावली ते कळलं. माझ्याकडं नव्हे.

आणि मग तिनं बापासमोर, आईसमोर, परक्या माणसासमोर सगळी रीत सोडली आणि ती थेट माझ्याशी बोलली.

"ह्याचे डोळे गेले ना, तर मी कळमनुरीला येणार न्हाई! सांगून ठिवते!"

डोळे आधीच झोंबत होते, आता छातीतही काही झोंबलं. कारण तिचा तो आवाज धमकीचा नव्हता. रडू आवरणाऱ्या माणसाचा होता.

संध्याकाळपर्यंत माझे डोळे किलकिले झाले. दगडूचा डावा डोळा मात्र दोन दिवस उघडला नाही. गोदा माझ्याशी बोलली नाही, ते एक वेळ ठीक. ती दगडूशीही मोठ्यानं बोलेना! मला टोमण्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. सासूबाई ताटात धोंडे वाढायच्या आणि मला घास गिळवत नसे. मी मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाला म्हणालो, देवा, माझा एक डोळा ने, पण कुत्र्याचा ठेव.

तिसऱ्या दिवशी सकाळी दगडूनं डोळा उघडला, चुलीजवळची भाकरी पाहिली आणि पळवली. भाकरी बरोबर दिसली म्हणजे नजर शाबूत! गोदा तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडलो. (डोळे आलेलेच होते, कुणाला वेगळं कळलं नाही.)

मग मी मामांना विचारलं, "सीताफळाच्या बियांनी डोळे जातात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. लहान लेकरायला बी ठाऊक हाय."

"मग बोलला काहून नाही?"

"आता काय सांगावं पावणं! धोंड्याचे जावई तुमी. तुमचं मोडावं कसं?"

"आणि त्यापायी कुत्रं आंधळं झालं असतं तर?"

मामा खाली बघत पुटपुटले, "तुमी बी झाला असता. त्याचंच जास्त भेव होतं."

मी हात जोडले. "मामा, आता मी काही म्हणत नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचा इतके दिवस पोटात धरलेलं भडाभडा बोलले. औषधबिवषध काही नको. गोचीड कातडीजवळ चिमटीत धरायचा, सरळ ओढायचा, चिरडायचा नाही, मिठाच्या पाण्यात टाकायचा. कडुलिंबाचा पाला उकळून, निववून त्या पाण्यानं अंघोळ घालायची. दगडू निजतो तिथलं गवत जाळायचं आणि भिंतीच्या भेगा शेणामातीनं लिंपायच्या. बस्स!

"मी वेचतो," मी म्हणालो. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. जावई आणि गोचीड वेचणार! पण जावयाचा शब्द! (या एकदाच तो कामी आला.)

मी अंगणात मांडी घालून बसलो. पुढ्यात मिठाच्या पाण्याची परात. दगडूचं डोकं धरायला गोदाच लागायची, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात तो थारत नसे. आणि दोन-तीन दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, आम्ही नवरा-बायको एकमेकांजवळ बसलो आहोत आणि कुणी काही म्हणत नाही! त्या काळात ही केवढी चैन होती! ती बोलायची दगडूशीच, पण आता हळू.

"दगडू, लागलं का रे? त्यायचा हात जरा जडच हाय. पर मन वाईट न्हाई."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. गोदा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

पाचव्या दिवशी गोचीड संपले. मला इतकं वाईट वाटलं, की मी गावात हिंडून गोचिडांनी भरलेलं दुसरं एक कुत्रं शोधून आणलं! मामांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि न विचारता परातीत मीठ टाकलं. मग तर लोक आपापली कुत्री घेऊन यायला लागले. जावयाच्या हाताला गुण आहे म्हणे!

निघायच्या दिवशी गाडी जुंपली. माझं सगळं लक्ष गोदाकडं. ती दगडूच्या गळ्यात पडली, डोळे पुसले आणि मुकाट गाडीत येऊन बसली. वेशीबाहेर आल्यावर माझी छाती जरा फुगली.

"काय गं," मी म्हणालो, "येणार नाही म्हणत होतीस ना? शेवटी आलीस! दगडूला सोडून माझ्याकडं!"

"न येऊन काय करू?" ती म्हणाली. "दगडूला जरा तरी समज हाय. तुमाला एकट्याला कसं सोडू?"

आणि तिनं नाही सोडलं. पंचेचाळीस वर्षं संसार केला, मी हेडमास्तर झालो, गावभर शहाणा म्हणून मिरवलो. पण औषधाची बाटली तिनं माझ्या हातात कधी दिली नाही. माझ्या स्वतःच्या खोकल्याचीसुद्धा!