स्लॅबचा पैरा

ये गं, अशी जवळ सरक. उंबऱ्यावर काय बसतीस पाव्हणीसारखी? घर बांधायला काढलंस, पाया खणून झाला, आणि तुझ्या सख्ख्या आत्याला ते कळतंय कुणाकडून, तर माधवनगरच्या तुझ्या चुलतसासूकडून! एका लग्नात भेटली म्हणून कळलं, नाहीतर वास्तुशांतीचं निमंत्रणच आलं असतं. बरं, जाऊ दे. चहा घे आधी. पण मघाशी तू बोललीस ना, 'आत्या, मजुरीचं काय, चौरस फुटाचा दर धरायचा आणि गुणायचं,' ते ऐकून मला हसू आवरेना. तुझ्या मामांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, अगदी असंच गुणलं होतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हे फौजेत. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं, ऊस-हळदीचं. दोघा भावांची वाटणी गोडीत झाली होती. रान वाटलं, घर काही वाटता येईना. थोरल्या दिरांच्या घरातच एक खोली आमच्याकडं होती. मी आणि दोन लेकरं त्यात सुखात होतो. जाऊबाई तोंडानं तिखट, पण ताटात आधी माझ्या वाढायच्या.

त्यांच्या थोरल्या लेकाचं लग्न ठरलं. घर बघायला मुलीकडची माणसं आली. मुलीच्या आईनं सगळीकडं नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "आनि नवरानवरी कुठं ऱ्हायाची?" जाऊबाईंचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना. मी आपली पुढं होऊन बोलून गेले, "हीच की खोली पोरांची! वैशाखाच्या आत आमी आमच्या घरात जानार हाय."

घराचा तेव्हा पायाच तेवढा भरलेला. खोली सोड असं मला कुणी कधीच म्हटलं नव्हतं. पण चारचौघांत शब्द गेला होता. नवी सून दारात उभी राहिली आणि आमची ट्रंक तिच्या खोलीतच, असं झालं असतं तर माझ्याइतकीच जाऊबाईंचीही मान खाली गेली असती.

आता ह्यांचा हिशेब ऐक. हे रजेवर आले होते श्रावणात. पावसाची झड, रानात पाय ठेवता येत नव्हता, माणसं घरात बसून. त्या दिवसांत बिगाऱ्याचा जो रोजगार होता तो ह्यांनी विचारला. इतके गवंडी, इतके बिगारी, इतके दिवस. खंदक खणायचा असल्यासारखं गुणलं, तेवढे पैसे माझ्या हातात दिले आणि निघून गेले सरहद्दीवर. जाताना म्हणाले, "फिकीर नको. हिशेब पक्का आहे."

पक्काच होता, श्रावणापुरता. भिंती उठल्या, चौकटी बसल्या. स्लॅबच्या फळ्या ठोकल्या, सळ्या बांधून झाल्या, तोवर फाल्गुन आला. आणि गावात हळद निघाली.

हळद निघाली की आमच्याकडं माणूस शोधून मिळत नाही. माझ्याकडच्या बिगारी बायका एका सोमवारी आल्याच नाहीत. गवंडी डोकं खाजवत आला.

"वैनी, बायका हळदीला गेल्या. तिकडं रोज जास्त हाय, वर घरी न्यायला वंजळभर हळदबी मिळतीया. इस्लामपूरची स्लॅबची टोळी इचारली. उक्तं घेत्यात, पर आकडा लय सांगत्यात."

आकडा ऐकून मी उरलेले पैसे मनात मोजले. हाताशी होते त्यात निम्मी माणसं आली असती.

"मग निम्मा स्लॅब आत्ता टाकू, निम्मा मागनं," मी म्हटलं.

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मी निम्मं लेकरू बाळंत व्हायचं म्हटलं होतं. "वैनी, स्लॅब एका दमात पडाय लागतोय. मधी सांधा ऱ्हायला तर जलमभर ठिबकंल. आनि थांबायचं म्हनाल तर फळ्या भाड्याच्या हायत. वर स्लॅब पडल्यावर फळ्या काढायला दिस लागत्यात, त्ये बी धरा. वैशाख लांब न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तडक हळदीच्या रानात गेले. म्हटलं बायकांच्या पाया पडते, एक दिवस या म्हणते. आमच्या आळीतल्याच सगळ्या. ज्या बाईचं रान होतं ती आडव्या अंगाची, आवाज असा की पलीकडच्या शिवारात ऐकू जावा. गडी कुदळीनं खणत होते आणि बायका बसून गड्डे मोडत होत्या, माती झाडत होत्या. मी विचारलं, "किती रोज देती गं ही?"

"रोज कुटला? त्यो भायेरच्यास्नी. आमचा पैरा हाय," एकजण म्हणाली. "आज हिच्यात, उद्या माज्यात."

पैरा मला काही नवा नव्हता. माझ्या माहेरी, साताऱ्याकडं, पेरणीला हेच चालायचं. तू माझ्या रानात ये, मी तुझ्या रानात येते. पैशाची गोष्टच नाही. पण त्या दिवशी तो शब्द कानात पडला आणि मी तिथंच पदर खोचला.

"मलाबी घ्या पैऱ्यात."

"तुजी हळद कुठाय?" रानवाली ओरडली. आमच्या वाटणीच्या रानात ऊस होता हे साऱ्या गावाला ठाऊक.

"हळद न्हाई. स्लॅब हाय माजा."

अगं, जी हसली सगळी! "पैरा शेताचा असतोय गं बाय. सिमिटाचा कुठं असतोय?"

"घमेलं उचलायला काय येगळा हात लागतोय व्हय?"

रानवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मिलट्रीची बायको गड्डं मोडनार? दुपारपातूर टिक, मग बगू."

मी दुपारपर्यंत टिकले, संध्याकाळीही उठले नाही. हिशेब साधा होता. जेवढ्या घरच्या बायका मला स्लॅबला हव्या, तेवढ्या घरच्या रानात माझा एकेक दिवस. रोज नवं रान. बोटांच्या पेरांत माती, नखं पिवळी जर्द, भाकरी थापली तर भाकरीही पिवळी. जाऊबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "लगीन माज्या पोराचं, आनि हळद हिला लागलीया!" मागनं हळूच खोबरेल तेलाची वाटी आणून ठेवायच्या. "चोळ. हातपाय गेलं तर वरातीत कोन नाचनार?"

त्या रानांत माझ्या शेजारी एक बाई बसायची. जतच्या बाजूची. तिकडं पाणी नव्हतं, म्हणून नवरा-बायको कामाला आलेली. इथं तिचं रान नाही, तेव्हा पैरा नाही. ती ज्याच्या त्याच्या रानात रोजगारावर. आमच्या पायाभरणीलाही बिगारी म्हणून होतीच. बोलणं निम्मं कानडी, निम्मं आपलं. मला 'अक्का' म्हणायची. माझी कंबर धरली की ती आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या बुडाखाली सारायची.

स्लॅबचा दिवस ठरला. मी पहाटेपासून रस्त्याकडं डोळे लावून. मनात एकच, आल्या नाहीत तर? गवंड्यानं मिक्सर चालू केला, आणि वळणावरून सगळी आळी आली. पुढं रानवाली. जमिनीपासून वरपर्यंत परांचीवर बायकांची साखळी लागली. भरलेली घमेली वर, रिकामी खाली. जरा मी रेंगाळले की वरनं रानवालीचा आवाज, "ए मिलट्री, कवायत चुकली!" जाऊबाई स्वयंपाकाला म्हणून आल्या होत्या. आमटी चुलीवर सोडून त्याही साखळीत शिरल्या. "वरमाय हाय मी, मला हलकी घमेली द्या गं!" तर त्यांना मुद्दाम काठोकाठ भरून दिली.

आणि सगळ्यांत वर, जिथं पाय टेकायला एक फळी, तिथं जतची. सबंध दिवस.

दिवस मावळायच्या आत स्लॅब पडला. नारळ फोडला, जेवणं झाली. मी जतवालीला रोज द्यायला गेले; तिचा हळदीतला रोजगार बुडला होता ना. तिनं माझी मूठ मिटून परत सारली.

"मलाबी पैऱ्यात धर, अक्का."

"अगं, तुजं रान कुठाय इथं? मी फेडू कुठं?"

"रान न्हाई. घर बांधीन की कवा तरी."

लग्नाआधी आम्ही नव्या घरात गेलो. भिंतींना गिलावा नव्हता, खिडक्यांना पोती लावलेली. पण माथ्यावर स्लॅब होता आणि जाऊबाईंच्या घरात ती खोली सारवून, रांगोळी घालून तयार होती. सुनेच्या आईनं आत डोकावून बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माझे हात हातात घेतले. नखं अजून पिवळीच होती. हे लग्नाला रजेवर आले. मान वर करून स्लॅब बघत म्हणाले, "टोळी कुठली लावलीस?"

"आळीची," म्हटलं. "तुमच्या हिशेबात नव्हती."

पुढं एक-दोन वर्षांनी जतकडून निरोप आला, घर काढलंय म्हणून. मी सांगलीवरून एसटी बदलत गेले. दोन खणांचं घर, दगड-मातीचं. तिकडं टँकर येईल त्या दिवशीच माती भिजवायची, मग भिंत चढायची. मी तीन दिवस दगड दिले, माती तुडवली. ती सगळ्यांना सांगत सुटली, ही माझ्या पैऱ्याची. पोचल्यावर तिनं अर्ध्या भिंतीच्या दारात उभं राहून हाक मारली होती, "बर्री अक्का, बर्री!" बर्री म्हणजे या. भिंत गुडघ्याएवढी, पण बोलावणं असं की वाड्याच्या दिंडीदरवाजातनं आत घेतेय.

तर तू दर खुशाल धर. गुणाकारही कर. पण आधी महिना विचार, तुझ्या स्लॅबच्या दिवसांत तिथली माणसं कुठं असतात ते विचार. आणि मला एक माणूस म्हणून धर. घमेलं आता झेपायचं नाही, कांदा चिरीन, आमटी बघीन. फुकट नव्हे हं, पैरा आहे. माझ्या परसात यंदा चार वाफे हळद आहे, ती काढायला पोरांना घेऊन ये. दोन दिवस सवडीनं राहा, ह्याच स्लॅबखाली झोप. संक्रांत झाली की लगेच ये. बर्री, बाय, बर्री.