हाताने बंद केलेली मशीन

मुंबईच्या साहेबांना गोंडपिपरी फक्त पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढी ठाऊक होती. ठिपका हिरवा असला की गोंडपिपरी शहाणी, लाल झाला की गोंडपिपरी कामचुकार. तेवढ्या भांडवलावर त्यांनी एका बाईची नोकरी खाल्ली. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका खात्याने तालुक्या-तालुक्याच्या कार्यालयांत सर्व्हर बसवले होते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतल्या त्या सर्व्हरची देखभाल आमच्या नागपूरच्या कंपनीकडे होती. मी मूळचा चंद्रपूरचा, म्हणून एसटीचे सगळे हाल माझ्याच वाट्याला. मग एक दिवस खात्याच्या मुंबईच्या मुख्यालयातून फर्मान आलं की यापुढे सगळ्या सर्व्हरवर तिथून नजर ठेवली जाईल. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकायचा, त्याला एजंट म्हणतात. तो मशीनच्या पोटात बसून मुंबईला कळवत राहतो: मी चालू आहे, डिस्क इतकी भरली, अंग इतकं तापलं, आत्ता मला कोणीतरी बंद केलं. उंटावरून शेळ्या हाकणं मी तोवर नुसतं ऐकलं होतं. आता त्याचं रीतसर कंत्राट निघालं होतं.

सीडी पिशवीत टाकून मी हिंडायला लागलो. काम तसं सोपं होतं. एजंट टाकायचा, त्याला मुंबईचा पत्ता द्यायचा, परवलीचा शब्द द्यायचा आणि कशाकशाला बोंब मारायची ते ठरवून द्यायचं. तापमानाची मर्यादा मुंबईनेच पाठवली होती, आणि ती वाचून मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी धरून चाललं होतं की सर्व्हर एसीच्या खोलीत असतो. पोंभुर्ण्याला तो लोखंडी कपाटाशेजारी, पंख्याखाली उभा होता. आमच्याकडे होळी झाली की पंखाच गरम हवा फेकतो. मी फोन करून हे सांगितलं, तर उत्तर आलं, "एसी बसवून घ्या." जणू काही मी घरून आणून लावणार होतो. मी मर्यादा वाढवली आणि पुढच्या गावाला गेलो.

नागभीडला छपरावरच्या डिश अँटेनावर वानरं येऊन बसायची. डिश हलली की लाइन जायची, लाइन गेली की मुंबईत ठिपका लाल. त्यांच्या कारणांच्या यादीत वानर नव्हतं, त्यामुळे तोही ठपका ऑपरेटरवरच यायचा. तोपर्यंत मी हसत होतो.

गोंडपिपरीच्या ऑपरेटर बाई कंत्राटी होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला भाऊ. तोंडाने फटकळ. साहेब असो की शिपाई, एकच माप. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान मोटारसायकली आल्यापासून बसलं होतं. घर त्यांच्याच पगारावर चालत होतं, आणि कंत्राट दर मार्चअखेर नव्याने मिळायचं. मुंबईने नाही म्हटलं की संपलं.

आता विजेचं सांगतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं. कोळसा आमच्या जिल्ह्यात निघतो, आमच्याच जिल्ह्यात जळतो, राख आमच्या कपड्यांवर पडते, आणि झालेली वीज तारांवरून मुंबई-पुण्याकडे निघून जाते. आम्हाला काय, तर लोडशेडिंग. ऐन कामाच्या दुपारी वीज जायची ती तासन्‌तास यायची नाही. आणि येताना अशी उसळून यायची की लावलेलं असेल ते जळायचं. घराघरांत एखादा जळका टीव्ही नाहीतर फ्रीज होताच. म्हणून आमच्याकडची पद्धत अशी, की वीज जायची वेळ झाली की आधीच सगळं नीट बंद करायचं आणि मेन स्विच पाडून ठेवायचा. ताईही तेच करायच्या. वेळेआधी सर्व्हर व्यवस्थित बंद, मेन खाली, वरून जुनी चादर. शेजारी यूपीएस होता, त्यावर मशीन थोडा वेळ चालली असती, पण ताईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"ताई, यूपीएस आहे ना? इतक्या लवकर कशाला बंद करता?" मी एकदा विचारलं.

"त्याचं काय सांगता, भाऊ! जरासा कुंय कुंय करते अन् मरते. मशीन जळली तं तुमी भरून द्यान का? माह्या घरचा टीव्ही जळला, आता हे बी जाळू?"

मीही घरी मेन पाडूनच निघत होतो.

गोची पुढे होती. बंद करताना सर्व्हर कारण विचारायचा. पडद्यावर एक यादी यायची, त्यातलं एक निवडल्याशिवाय तो बंद व्हायचा नाही. त्या यादीत 'वीज जाणार आहे' असं कारण नव्हतं. 'वीज गेली' हे कारण होतं, पण ते कधी मिळायचं? मशीन धाडकन पडून पुन्हा सुरू झाल्यावर. ताई सरळ पहिलं कारण ठेवायच्या, 'इतर, नियोजित'. आणि मी बसवलेला एजंट ते इमानेइतबारे मुंबईला कळवायचा. पोंभुर्ण्याचा ऑपरेटर महा आळशी. तो काहीच बंद करायचा नाही, त्याची मशीन रोज आपटायची, आणि त्याच्या नावापुढे 'वीज गेली, नाइलाज' असा स्वच्छ शेरा. ताई मशीनला लेकरासारखं जपायच्या, आणि त्यांच्यापुढे 'कामाच्या वेळेत, हाताने, ठरवून'. असला उफराटा न्याय मी दुसरा पाहिलेला नाही.

फेब्रुवारीत ताईंना नोटीस आली. त्यांचा फोन मला आला तेव्हा मी नागभीडला होतो.

"भाऊ, सर्व्हर हेतुपुरस्सर बंद ठेवला म्हणते मले! माहा काय हेतू राहीन? मी काय मशीन झोपवून बाजारात जाऊन राह्यली का? इथी येऊन पाहा म्हणा ना त्याइले."

इथे येऊन पाहणार कोण? न येता पाहता यावं म्हणूनच तर एवढा खटाटोप होता. मी मुंबईला फोन केला. लोडशेडिंगचं वेळापत्रक फॅक्स केलं. तेवढे तास तुमच्या प्रोग्राममध्ये नोंदवून टाका, ठिपका लाल होणार नाही, चिमूटभर काम आहे, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. उत्तर आलं, "लोडशेडिंग हे कारण आमच्या नमुन्यात नाही." आमच्या नागपूरच्या साहेबांनीही कानावर हात ठेवले. म्हणाले, "तू तुझा एजंट बघ. त्यांच्या माणसांत पडू नको."

मार्चमध्ये मुंबईला बैठक होती. दुसरा कोणी जाणार होता. मी भांडून स्वतः गेलो.

तिथल्या खोलीत इतका गारठा की अंगावर काटा आला. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर आमचे दोन्ही जिल्हे ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेले. साहेब वागायला चांगले, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवत म्हणाले, "हे बघा, सिस्टीम खोटं बोलत नाही."

"नाही बोलत, साहेब. मीच बसवली आहे. पण मशीन का बंद केली, ते त्या बाईंना कोणी विचारलं का?"

साहेब काही बोलणार, तेवढ्यात दिवे गेले. मुंबईत, भरदिवसा! एसी थांबला, कुठेतरी यूपीएस कुंय कुंय करायला लागला. साहेब खुर्चीतून उठलेच.

"अरे, बघत काय बसलात? आधी सर्व्हर नीट बंद करा! बॅटरी संपली तर सगळा डेटा जाईल!"

त्यांचा ऑपरेटर धावत आत गेला. थोड्या वेळाने भिंतीवरचा पडदा काळा झाला. आमची गोंडपिपरी, पोंभुर्णा, नागभीड सगळी एकदम गायब.

ऑपरेटर बाहेर आला तेव्हा मी त्याला विचारलं, "कारण काय टाकलंत? इतर, नियोजित?"

"हो," तो म्हणाला. "दुसरं काय टाकणार?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांना कळायला जरा वेळ लागला, पण कळलं. "इथली गोष्ट वेगळी आहे हो," ते म्हणाले. "वीजच गेली तर माणूस काय करणार?"

मग माझा आवाज चढला. हेच ती बाई महिनाभर सांगते आहे, तिच्याकडे तर ही वीज रोज जाते, आणि जाते कुठे, तर तुमच्या या एसीत, असं मी सगळ्यांसमोर ओरडून बोललो. साहेबांनी शांतपणे सांगितलं की कंत्राट न वाढवायच्या ऑपरेटरांची यादी सही होऊन वर गेली आहे, आता काही करता येणार नाही. त्यांच्या माणसांना वीज नाही म्हणून खाली चहाला सोडलं होतं.

ताईंचं कंत्राट मार्चअखेर संपलं ते संपलंच. एप्रिलमध्ये नवा ऑपरेटर आला, त्याला एजंट दाखवायला मी गोंडपिपरीला गेलो आणि तिथून ताईंकडे. त्या नवऱ्याच्या दुकानात बसून ट्यूबमधलं पंक्चर शोधत होत्या. मी मुंबईची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मध्ये एकदाच हात थांबवला.

"तिथं बी हातानंच बंद केली?"

"हो."

"पण नीट केली ना? जळली तं नाई मशीन?"

"नाही. नीट केली."

त्यांनी ट्यूब पुन्हा पाण्यात धरली. बुडबुडे आले तिथे बोट दाबून ठेवलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"मंग त्या सायबाले कामावरून कोनं काढलं, भाऊ?"