मेन स्विचची सूचना कुणी हलवली?

मंडळी, आज डोकं फिरलंय.

टॉवेल विणायच्या नव्या यंत्रमागांचं मॅन्युअल मी लिहितो. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर कुठल्याही क्लासला न जाता शिकलो. कुठल्या विषयाच्या पोटात काय ठेवायचं, हे मी विचार करून ठरवलं होतं. ‘पट्टा बदलणे’ उघडलं की त्याखाली पहिलंच पान ‘मेन स्विच बंद करा’. कारण जुन्या मागाला नुसतं बंदचं बटण दाबलं की भागायचं, नव्याला भागत नाही.

दुपारी कारखान्यात गेलो. फिटर रफिकभाई मोबाईलवर मॅन्युअल बघून पट्ट्याकडे हात नेत होते. मी ओरडलो, "अहो, मेन चालू आहे!"

त्यांनी हात मागे घेतला. "मग हितं कुटं लिवलंय तसं? तुमचंच बघून करतोय की!"

खरंच, ते पान तिथं नव्हतं. ऑफिसातल्या सचिनला फोन लावला.

"सर, धोक्याच्या सगळ्या सूचना शेवटी एका धड्यात टाकल्या. लई नीटनेटकं दिसतंय बघा."

"कुणाला दिसतंय? रफिकभाईंना तर दिसलं नाही!"

सगळी पानं मी परत जागेवर लावली. डोकं अजून जागेवर आलेलं नाही. तुम्हीच सांगा, हात मागात घालायच्या आधी शेवटचा धडा कोण वाचतो?