समुद्र आपल्या हद्दीत येत नाही

रिपोर्टरकडे किस्से फार, असं लोक म्हणतात. खरं सांगू? छापून न आलेल्या बातम्या पोटात राहतात, आणि पुढे लोक त्यांनाच किस्से म्हणून हसतात. पुढचे सगळे आमच्या वाशीमच्या ऑफिसातले, एकाच बातमीचे. तुम्ही खुशाल हसा. मला अजून जमलेलं नाही.

*

शीतल कारंज्याची. वडिलांचं किराण्याचं दुकान, मुलगी समुद्राच्या पाण्याची आम्लता मोजणारी शास्त्रज्ञ. सुट्टीत आली की ऑफिसात डोकावते. आमचा फोटोग्राफर गजू तिला म्हणाला, "ताई, समुद्र खारट अस्ते. आंबट कधी झाला?"

तिने बाथरूममधली ॲसिडची बाटली आणली आणि शहाबादी फरशीवर एक थेंब टाकला. फस्स करून फेस आला. समुद्र काही असा ॲसिड होत नाही, ती म्हणाली. पण आपल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड तो पितो, पाण्याचा आंबटपणा हळूहळू वाढतो, आणि शिंपल्यांना, पोवळ्यांना कवच बांधणं जड जातं.

गजूने वाकून पांढरा डाग बोटाने घासला. "हा जाईल ना?"

"नाही."

घरमालक अजून विचारतो, कोणी केलं म्हणून.

*

तिचं दुखणं वेगळंच होतं. आपल्या आणि शेजारच्या देशाच्या सरकारांनी आम्लता मोजायचा करार केला. झेंडे, हस्तांदोलन, फोटो. तिचं तरंगतं यंत्र समुद्रात नांगरलं. वादळात साखळी तुटली आणि यंत्र वाहत शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं. ते कुठे आहे हे सिग्नलवरून रोज कळायचं, पण सगळ्या नोंदी त्याच्या पोटात. बॅटरी संपून ते हरवायच्या आत उचलून आणायचं, एवढंच काम.

शेजारी म्हणाले, तुमचं जहाज आमच्या हद्दीत यायचं तर परवानगी लागेल. आपल्या एका खात्याने ती दुसऱ्या खात्याकडून मागवायला सांगितलं. दुसऱ्याने पहिल्याकडून.

"काका, यंत्र सोडायचं कोणी ते करारात आहे," शीतल म्हणाली. "वाहून गेलं तर आणायचं कोणी, ते नाही."

मी त्याच दिवशी बातमी लिहिली. चांगली झोडपणारी.

*

आमच्या पेपरची पानं अकोल्याच्या ऑफिसात लागतात. डेस्कवर वानखडे. त्याचा फोन आला.

"भाऊ, वाशीमले समुद्र कुठी हाय?"

मी म्हटलं, धूर तर आहे ना?

"धुराची बातमी द्या मंग. समुद्र आपल्या हद्दीत येत नाही."

दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या: कारंज्याच्या लेकीची समुद्रात भरारी. यंत्र नाही, परवानगी नाही, सरकार नाही. भरारी तेवढी राहिली!

*

समुद्र आपल्या हद्दीत येत नाही म्हणे! त्याच महिन्यात एका सरकारी कार्यालयात वरून पत्र आलं. समुद्ररक्षणासाठी सरकारं एकत्र आली आहेत, तरी आपल्या जिल्ह्यातील किनारपट्टीची माहिती तात्काळ सादर करावी. बाबूने नेहमीप्रमाणे लिहून पाठवलं: निरंक. म्हणजे काही नाही.

वरून स्मरणपत्र आलं. माहिती निरंक असण्याची कारणे द्यावीत.

मी बाबूला विचारलं, काय लिहिलंत?

"लिवलं, कारवाई सुरू हाय."

*

हद्दीचं मला कोणी शिकवू नये. मेडशीच्या पुढे, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर ॲसिडचा टँकर उलटला होता. तोंड इकडे, टाकी तिकडे, आणि ॲसिड नाल्यात. दोन्हीकडचे पोलीस हजर, आणि दोघेही टेप लावून रस्ता मोजत होते.

एक म्हातारी बकऱ्या घेऊन उभी होती. नाल्यातले मासे उलटे होऊन वर आले होते. ती म्हणाली, "साहेब, मोजून झालं का मले सांगजा. बकऱ्याइले तहान लागून राह्यली."

शेवटी गावकऱ्यांनीच चुन्याची पोती आणून नाल्यात ओतली. संध्याकाळी दोन्ही ठाण्यांची प्रेसनोट आली: आमच्या तत्परतेने अनर्थ टळला.

शीतलला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "तिकडे टेप लांब आहे, एवढंच."

*

मग भरारीची बातमी वाचून तिचा सत्कार ठरला. आपल्याकडे माणसाचं काम अडलं की त्याला शाल देतात. पाहुणे पुढारी. शीतलने मला आधीच सांगितलं होतं, मला शाल नको, साहेबांचा दिल्लीत एक फोन हवा. ती स्टेजवर तेच बोलली. परवानगी मिळाली नाही तर यंत्र जाईल, आणि माझी सगळी वर्षं त्याच्याबरोबर जातील.

टाळ्या पडल्या. पुढारी म्हणाले, आपल्या लेकीने सात समुद्र जिंकावेत. आणि आयोजकांनी खास समुद्रावरून मागवलेला मोठा शंख तिच्या हातात ठेवला.

शंख! कवच विरघळतंय म्हणून जी घसा कोरडा करते, तिला!

ती तो उलटासुलटा करून बघत राहिली. गजूचा फोटो झकास आला. तो पहिल्या पानावर लागला.

*

गेल्या आठवड्यात वानखडेचा फोन. आवाजात उत्साह.

"भाऊ, तुमच्या शीतलची बातमी हाय. दोन्ही सरकारांचा वाद मिटला."

मी तिला फोन लावला. वाद खरंच मिटला होता. शेजाऱ्यांनी कळवलं, यंत्र वाहत आमच्या हद्दीबाहेर गेलं, आता विषय आमचा नाही. आपल्या लोकांनी कळवलं, त्यांची हरकत उरली नाही, विषय बंद.

मी म्हटलं, मग उचला ना! खुल्या समुद्रात कोणाची परवानगी लागते?

"कोणाचीच नाही, काका. पण विषय बंद झाला ना, मग जहाज कोण देईल? परवा सिग्नल थांबला."

मग तिने पुढचं सांगितलं. आम्लतेवर सरकारांची परिषद भरतेय. सहकार्याने वाद कसा सोडवावा, याचं उदाहरण म्हणून हेच यंत्र दाखवणार आहेत. दोन्ही सरकारं मिळून स्टेजवर तिचा सत्कार करणार आहेत.

"जाशील?" मी विचारलं.

"जाणार तर!" ती म्हणाली. आणि लगेच विचारलं,

"काका, त्यांच्या हातात ठेवायला तो शंख न्यायचाय. विमानात नेऊ देतील का?"