गुठळीवाले गुरुजी आणि आम्ही पोटवाले

पोटाचा आजार जुना झाला की औषधांचा डबा भरतो, आणि किश्श्यांचाही! आम्ही सगळे कोलायटिसवाले, म्हणजे आतड्याला कायमची सूज. नाशिकच्या एकाच डॉक्टरबाईंचे पेशंट. सलाइनमधून औषध घ्यायला शेजारीशेजारी आडवं झालं की गप्पांना ऊत येतो.

*

दिंडोरीचे नाना द्राक्षबागायतदार. आजार उसळला, शौचातून रक्त जायला लागलं म्हणून अ‍ॅडमिट झाले. सिस्टर पोटावर इंजेक्शन द्यायला आली.

"कशाचं हाय हे?"

"रक्त पातळ करायचं."

नाना ताडकन उठून बसले. "अहो, रक्त थांबंना म्हणून आलो, आन् तुम्ही पातळ करता?"

डॉक्टरबाईंनी समजावलं, आतड्याची सूज भडकली की रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. ती पायातून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं.

"म्हंजे रोग यायच्या आधीची फवारणी!" नानांनी शर्ट वर केला. "मग बघता काय? मारा की!"

*

मला स्टेरॉइड सुरू होतं. तोंड पुरीसारखं टम्म फुगलेलं. इंदिरानगरात एका लग्नात मावशी म्हणाली, "आता कुठे सासर मानवलं गं तुला!"

लग्नाला वीस वर्षं झाल्यावर! सासूबाई बाजूलाच होत्या. ते श्रेय त्या अजून सोडत नाहीत.

*

त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींची पिंढरी सुजली. मांडी घालून आखडली असेल, म्हणून तेल चोळत बसले. तपासणीत गुठळी निघाली! डॉक्टरबाईंनी चोळणं बंद केलं, गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, "एका जागी तासाच्या वर बसायचं नाही."

गुरुजींचा चेहराच पडला. "बाई, माझं पोट बसण्यावर चालतं. पूजा सोडून उठलो तर यजमान परत येईल का?"

"आणि नाही उठलात, तर तुम्ही परत याल का?"

आम्हाला गुरुजींसाठी फार वाईट वाटलं.

पण गुरुजी ते गुरुजीच! पूजेत दर तासाभराने ते यजमानांनाच उठवायला लागले. "चला, अंगणात पाच फेऱ्या!" यजमानही खूश, त्यांच्याही पायांना मुंग्या आलेल्या असायच्या.

*

परवा डॉक्टरबाई त्यांच्या सासूबाईंना घेऊन त्र्यंबकला पूजेला गेल्या. त्यांच्या सासरचे उपाध्याय वेगळे, आमचे गुरुजी नव्हेत. तासभर झाला तसे ते म्हणाले, "उठा. अंगणात पाच फेऱ्या मारायच्या."

"हे कशासाठी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"शंका काढू नका बाई. फार जुनी परंपरा आहे!"

डॉक्टरबाईंनी पदर खोचला आणि निमूट चालायला लागल्या.