दिव्यावर टाकलेला उजेड

पुण्याहून सकाळची एसटी पकडली तेव्हा माझ्या मांडीवरच्या डब्यात जग उजळून टाकणारा दिवा होता. आकाराने बिस्किटाएवढा. कंडक्टरने डोकावून विचारलं, मोबाईलची काच का? माझं सगळं संशोधन त्याने तिकीट फाडता फाडता आटोपलं.

तसं त्याचं फार चुकलं नव्हतं. हा सेंद्रिय एलईडी. महागड्या मोबाईलचे पडदे यानेच उजळतात. यात तयार होणारा बराचसा उजेड आतल्या थरांतच अडकतो. चांदीचे अतिसूक्ष्म कण उजेड देणाऱ्या थरापासून योग्य अंतरावर पेरले की त्यातला थोडा बाहेर पडतो. फार जवळ पेरले, तर तेच उजेड गिळतात. माझ्या काचेवर दोन पट्ट्या होत्या, एक साधी आणि एक चांदीची.

राहुरीच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झाली होती, त्यामुळे देवळाली प्रवरेला पोचायला दुपार झाली. मार्थाताई पूर्वी आमच्या प्रयोगशाळेत होती, आता इथल्या महाविद्यालयात शिकवते. तिने शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या, रश्श्यात शिजवलेल्या वळ्या) वाढली आणि अडचण सांगितली. तिची उजेड मोजायची अंधारी खोली महाविद्यालयाच्या संस्थेला मांडवाच्या खुर्च्या ठेवायला हवी होती. दोन पट्ट्यांतला फरक आज अध्यक्षांनी स्वतः पाहिला, तरच खोली वाचणार होती.

महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनाचा कार्यक्रम भर उन्हात, मांडवात. समईऐवजी माझा दिवा लावून उद्घाटन झालं. दिवा कुणाला दिसेना, म्हणून मांडववाल्याने तत्परतेने दोन हॅलोजन त्याच्यावर रोखले. आता दिवा छान दिसत होता, फक्त त्याचा उजेड दिसत नव्हता. टाळ्या पडल्या. मार्थाताईचा चेहरा उतरला. हॅलोजन बंद करा असं मी म्हटलं, तर शूटिंगवाला म्हणाला, मग शूटिंग काळं येईल.

तेवढ्यात माझा सत्कार झाला. खांद्यावर चांगली जाडजूड शाल पडली. मला काय सुचलं कुणास ठाऊक, अध्यक्षांना जरा वाका म्हटलं आणि ती शाल त्यांच्यावर आणि दिव्यावर पांघरली. लोकांना हाही विधीच वाटला. पुन्हा टाळ्या.

शालीतून आवाज आला, "मॅडम, ही उजवी पट्टी जास्त उजळ हाय की वो."

"ती चांदीची," मार्थाताई म्हणाली.

"आन् हे आंधारातच दिसतंय व्हय?"

"हो. म्हणून ती खोली हवी."

अध्यक्ष बाहेर आले, माईक घेतला आणि खोली मॅडमचीच असं जाहीर केलं. मग औदार्य अनावर झालं. "पन आमच्या मॅडमनी आंधारात काम करायचं न्हाई. त्या खोलीला चार मोठ्या खिडक्या पाडून देऊ."

स्टँडवर माझं हसू थांबेना. अंधाऱ्या खोलीला खिडक्या! मार्थाताई हसली नाही.

"खिडक्यांना काळे पडदे शिवता येतात," ती म्हणाली. "खोलीच गेली असती तर पडदे कशाला शिवले असते?"

परतीच्या गाडीत मला माझ्या हसण्याची लाज वाटली. पुण्यात आमची अंधारी खोली वातानुकूलित आहे. त्या खोलीसाठी मला कधी कुणाच्या टाळ्यांत गप्प उभं राहावं लागलेलं नाही. मी एक दिवस चेष्टा करून परत निघाले होते, मार्थाताईला मात्र उद्या तिथेच शिकवायचं होतं. नगरला गाडी थांबली तेव्हा तिला फोन केला आणि म्हटलं, खिडक्या पाडल्या की मापं कळव, पडदे मी शिवून आणते.