कुडावर लिहिलेली शिवी

आईनं मला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. नाव होतं, चांगलं देवाचं होतं, पण ते शाळेच्या पटावरच राहिलं. घरात मी 'मेली'. सकाळी 'ऊठ की मेले', दुपारी 'गिळ मेले', आणि दिवेलागणीला दारात उभी राहून पेठेच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, 'मेले, कुठं उलथलीस गं?' मी खेळ टाकून पळत सुटायची. आज इतक्या वर्षांनी ती हाक आठवली की तिच्याबरोबर ओल्या लाकडांच्या धुराचा वास येतो आणि पायाला सारवलेली गार जमीन लागते.

वडील महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करताना ते ज्या शिव्या देत त्या मी इथं लिहिणार नाही, पण घोडी कान टवकारून ऐकत आणि खूश असत. माणसांशी मात्र ते फारसं बोलतच नसत. बोलण्याचं खातं आईकडं होतं. टवळी, सटवी, भवानी, अवदसा, मुडदा बशिवला तुझा... तिचं तोंड सुरू झालं की शेजारच्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत.

मला मुलींच्या शाळेत घातलं होतं. तिथल्या बाई फार रागावल्या की 'मूर्ख मुली' म्हणत, तेही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. ती शिवी कुणालाच लागायची नाही. मग मला छंद लागला. घरी ऐकलेली प्रत्येक शिवी पाटीवर लिहून बघायची, कशी दिसते ते. 'बशिवला' लिहिलं की शाळेतला 'बसविला' डोळे वटारायचा. आणि ही आली कुठून, म्हणून आईला विचारायचं.

"आई, भवानी तर देवी. सटवाई बी देवीच. मग त्यांच्या नावानं शिवी कशी गं?"

"देवीला न्हाई राग येत. मानसालाच येतोय."

"आणि मेली?"

"हाय आपलं कायतरी. जा, पाणी आण जा."

एवढ्या एकाच शिवीचा पत्ता ती सांगत नसे.

मग प्लेग आला. घराघरांत उंदीर पडायला लागले आणि पेठच्या पेठ उचलून उचगावच्या बाजूला रानात जाऊन बसली. वडील घोड्यांपाशी शहरातच राहिले. आम्ही दोघी कडब्याच्या खोपीत. मोठी माणसं भ्यालेली होती, मला मात्र तो हिवाळा सणासारखा वाटला, ते खोटं कशाला सांगू? सकाळी धुकं इतकं दाट असायचं की शेजारची खोप दिसायची नाही, नुसती तिथली खोकल्याची ढास ऐकू यायची. मग धुकं हळूहळू वर जायचं आणि एकेक खोप जमिनीतून उगवल्यासारखी दिसायला लागायची. लांब कुठंतरी गुऱ्हाळ चालू असायचं. गुळाचा वास आला की मी डोळे मिटून नुसती बसून राहायची. शाळा नाही, घंटा नाही. दिवस कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो तेच कळायचं नाही.

शेजारच्या खोपीत कल्हईवाल्याचं कुटुंब होतं. त्याच्या बायकोला मी खाला म्हणायची. ती तिच्या पोरीला दिवसभर 'मुई, मुई' करायची. मी तिला अर्थ विचारला.

"मेलेलीच की," खाला भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमची मेली, आमची मुई."

मला फार मजा वाटली. एकच शिवी दोन घरांत दोन लुगडी नेसून बसली होती.

खोपीच्या कुडाला आईनं आतून माती लिंपली होती. माती वाळून गुळगुळीत झाली आणि मला हात आवरेना. एक दिवस आई ओढ्यावर धुणं धुवायला गेलेली असताना मी चुलीतला कोळसा घेतला आणि माझ्या झोपायच्या जागेवर, डोक्याशी, मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिलं. आई आली. तिला वाचता येत नव्हतं, पण लेक लिहिते याचं कौतुक डोळ्यांत मावत नव्हतं. ओलं धुणं खांद्यावर तसंच ठेवून ती अक्षरांकडं बघत राहिली.

"काय ल्हिलंस गं?"

"माझंच नाव की. तू हाक मारतीस ते."

"वाच बघू."

"मेली," मी वाचलं.

आईचा चेहरा असा उतरला की मला आजही तो बघवत नाही. धुणं खाली मातीत पडलं. तिनं दोन्ही हातांनी अक्षरं पुसली, ती आणखी पसरली, मग बाहेर जाऊन ओंजळभर शेण आणून तिनं त्यावर थापलं आणि वरून पुन्हा थापलं. मला जवळ ओढून माझं कपाळ पदरानं पुसत राहिली. कपाळावर काहीच नव्हतं.

मग ती बोलली. बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवतात. सटवाई येते आणि नशीब लिहून जाते. लिहायचं काम तिचं. माणसानं असलं लिहायचं नाही, नुसतं तोंडानं बोलायचं.

"तुझ्या आदी दोगं हुती. येकाला मी राजा म्हनायची, येकाला सोन्या. ऐकनारा ऐकत हुता. दोगांस्नी न्हेलं त्येनं. तू झालीस तवा मी ठरिवलं, हिला मेलीच म्हनायचं. त्यानं ऐकावं आन म्हनावं, ही तर आदीच गेलीया, हितं आपलं काय काम न्हाई. आन तू ल्हून ठेवतीस व्हय गं?"

तर असा होता त्या शिवीचा पत्ता. एवढी वर्षं मी ती खेळण्यासारखी पाटीवर लिहीत होते आणि आई ती माझ्याभोवती कुंपणासारखी घालत होती. मला रडू आलं. आईलाही आलं, पण तिनं ते नाक शिंकरून घालवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिलाच ताप भरला. गाठ आली होती की नव्हती, मला कुणी सांगितलं नाही. खालानं सगळ्यांना सांगितलं, हिवताप आहे, नाहीतर तिला प्लेगच्या दवाखान्यात नेलं असतं, आणि तिथून परत आलेलं माणूस आमच्या पेठेनं पाहिलं नव्हतं. तापाच्या माणसाच्या खोपीत कुणी शिरायचं नाही असा सरकारी हुकूम होता, म्हणून खाला दारातच पेज ठेवायची. मी ती चमच्यानं आईच्या ओठांना लावायची, आणि ती ओघळून जायची.

आणि मग आई गोड बोलायला लागली. "माझी बाय ती. माझी सोनी. माझं पाखरू." डोळे अर्धे मिटलेले, हात माझ्या केसांत. मला जन्मभर हवे असलेले ते शब्द, आणि ते ऐकून मला राजा आणि सोन्या आठवले. मी धुक्यातून धावत खालाकडं गेले.

"खाला, आई ग्वाड बोलतीया!"

खालाच्या हातातली परात खाली आली. ती हुकूमबिकूम विसरून आमच्या खोपीत शिरली, आईच्या कपाळावर हात ठेवून बसली आणि मला म्हणाली, "आता तू तिला म्हन. ती तुला म्हनती तसं."

"आईला? शिवी?"

"म्हन बेटी. मौतीला कुठली बोली येती, आपल्याला काय ठावं? तू मेली म्हन, मी मुई म्हनते."

आईला शिवी द्यायला माझी जीभ उचलेना. मग मी डोळे घट्ट मिटले आणि ओरडले, "मेले! ऊठ की मेले! चूल गार पडलीया!" पलीकडून खाला, "उठ गे मुई, मुई!" आम्ही दोघी किती वेळ ओरडत होतो कोण जाणे. बाहेर धुकं होतं, कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत गेली, आणि आमचे दोन आवाज एकात एक मिसळून ते दोन्ही माझेच वाटायला लागले.

ऊन कुडाच्या फटीतून आत आलं तेव्हा आईनं डोळे उघडले. आधी खालाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कुनाला म्हनतीस गं, मुडदे?"

इतकी सुंदर शिवी मी पुन्हा ऐकली नाही.

आई त्यानंतर खूप जगली, तिनं माझी नातवंडं शिव्या देऊन झोपवली आणि मग म्हातारी होऊन ती गेली. आता मला सगळे मान देतात. सून 'आई, औषध घ्या ना' म्हणते, नातवंडं 'अहो आजी' करतात. मेली म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि आईची इतकी आठवण येते की छातीत दुखतं. म्हणून सकाळी जाग आली की मी अंथरुणातच, ऐकणाऱ्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणते, "ऊठ मेले. ऊठ मुई."

सून स्वयंपाकघरातून विचारते, "आई, मला काही म्हणालात का?"

"न्हाई गं," मी म्हणते, आणि उठते.